एकशे एकोणिसावं मिनिट

“गिरणी बंद, नि गिरणीवाला वारुळावर,” चिसेंगाची आई रांगेतल्या बायकांना म्हणाली. “आज काय मका तसाच चघळायचा का?”

सांपा कासुबाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गिरणीमागच्या पुरुषभर उंच वारुळावर चढलं की फोनला रेंज मिळते, हे मुफुलिरा या खाणीच्या गावातल्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो नखशिखांत पिठाने माखला होता. फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता, कारण पीठ शिरून आधीचे दोन कामातून गेले होते. साडेअकरा वाजले होते. ठीक बाराला लुसाकाची मॅनेजरबाई आजच्या सामन्याच्या सूचना कॉम्प्युटरला देणार, आणि एकदा त्या दिल्या की मग कुणी कितीही हातपाय आपटले तरी उपयोग नाही. सांपाने एकच निरोप तीनदा लिहिला होता आणि तीनदा पुसला होता.

निरोप तसा दोनच शब्दांचा होता. मला खेळवा.

अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघा कामातून गेलेल्या माणसाने असं कुणाला म्हणावं नि का म्हणावं, ते आधी सांगायला हवं. थोरली मुलगी एस्तेले काब्वेला नर्स. बापाचे दोन फोन पिठाने खाल्ले तेव्हा तिने आपला जुना फोन त्याला दिला आणि वर एका फुटबॉल लीगमध्ये त्याचं नाव घालून दिलं. ही लीग मैदानावरची नव्हे. आठ संघ, देशोदेशीची माणसं, आणि प्रत्येकाने मनाने रचलेला एकेक खेळाडू. शुक्रवारी दुपारच्या आत सरावाचा तक्ता भरायचा, झालेल्या सामन्यावर चार ओळी लिहायच्या, त्याचे गुण मिळतात ते आपल्या खेळाडूच्या अंगात घालायचे. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कॉम्प्युटर सामना खेळवतो आणि मिनिटामिनिटाची हकीकत ओळीओळीने फोनवर उमटते. चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या ओळी. पण माणसं त्यावर जीव टाकत.

बाकीच्यांनी आपल्या खेळाडूंना वाघसिंहांची नावं दिली होती. सांपाने स्वतःचंच दिलं. सांपा कासुबा, वय एकोणीस, उंची सहा फूट चार इंच, गोलकीपर. नवख्या खेळाडूला सुरुवातीला चाळीस गुण मिळत, ते झेप, पकड, चपळाई, लाथ आणि धीर अशा खान्यांत वाटायचे. शहाणी माणसं झेप आणि पकड भरून घेतात. सांपाने तीस गुण एकट्या धीरात घातले. खाणीच्या टीममध्ये अकरा हंगाम राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसलेला माणूस तो. गोलकीपरला सगळ्यात जास्त काय लागतं, याचं त्याच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. नंतर कळलं की या कॉम्प्युटरच्या लेखी धीर फक्त पेनल्टीच्या वेळी धरला जातो, एरवी त्याला काडीची किंमत नाही. दिलेले गुण परत मिळत नाहीत. झालं, सांपा पुन्हा बाकावर. संघाचं नाव काफुएच्या मगरी, आणि मगरींच्या गोलात कांपालाच्या ओबुरा नावाच्या बँकवाल्याचा गोलकीपर, लीगमधला एक नंबरचा.

फेलिस्टसची, म्हणजे त्याच्या बायकोची, हसून हसून पुरेवाट झाली होती. “अहो एस्तेलेचे बाबा, खाणीच्या कोचने बाकावर बसवलं ते मी समजू शकते. पण आता मशीनपण ओळखायला लागलं का हो तुम्हाला?”

तिचा तो हक्कच होता. अकरा हंगामांत सांपा एकही सामना खेळला नाही. बाकीच्या खेळाडूंच्या बायका रविवारी लाल मातीने बरबटलेल्या जर्सी घासून घासून दमत, आणि हिच्या नवऱ्याची जर्सी जशी जाई तशी घडीसकट परत येई. गावात साबण वाचवणारी खेळाडूची बायको मी एकटीच, असं ती नळावर सगळ्यांना सांगायची. सांपाही हसायचा. एस्तेले जन्मली त्या वर्षी त्याने पगारातून गोलकीपरचे हातमोजे घेतले होते. ते पत्र्याच्या पेटीत जुन्या चितेंगेच्या कापडात गुंडाळून ठेवलेले होते, कोरेच्या कोरे. मग टीम बंद पडली आणि सांपा गिरणीवर आला.

पण गडी हटला नाही. चौदा आठवड्यांत त्याने एकही तक्ता चुकवला नाही. वीज गेली तर चार किलोमीटर चालत मोठ्या बाजारात जाऊन फोन चार्ज करून आला. मलेरियाच्या तापात घोंगडीखाली कुडकुडत तक्ता भरला, फेलिस्टसने फोन धरला आणि शिव्याही घातल्या. आणि मिळालेला प्रत्येक गुण त्याने पुन्हा धीरातच घातला. एस्तेलेने फोनवर कपाळाला हात लावला. तो म्हणाला, चूक केलीच आहे तर आता ती पुरती करतो. आजच्या घडीला धीराच्या खान्यात त्याचे नव्व्याण्णव होते आणि अख्ख्या लीगमध्ये त्याच्यावर कुणी नव्हतं. शेजारचा खाना सामन्यांचा. तिथे शून्य.

आज हंगामाचा शेवटचा दिवस, ढालीचा सामना. जादा वेळ धरून एकशे वीस मिनिटांत निकाल लागला नाही तर पेनल्टी. मॅनेजरला आधीच लिहून देता येतं की अमुक मिनिटाला अमुक स्थिती असेल तर तमुक बदल करा. म्हणजे बरोबरी असेल तर पेनल्टीच्या तोंडावर सांपाला आत घेता येईल. फक्त मागणारा हवा, आणि आजच मागायला हवं.

अकरा अडतीसला त्याने डोळे मिटून बटण दाबलं. दोन मिनिटांत फोनच वाजला. मॅनेजरबाई तिवोंगे स्वतः बोलत होती. लुसाकाच्या एका शाळेत शिकवायची, वयाने एस्तेलेएवढी, आणि संघातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना काका म्हणायची.

“काका, पेनल्टीसाठीच ना? एक बदली शेवटपर्यंत राखून ठेवायची म्हणजे एक दमलेला गडी तसाच पळवायचा. आणि पेनल्टी आल्याच नाहीत तर?”

“तर मी बाकावर. मला सवय आहे.”

“ओबुराला काय सांगू? त्याने हंगामभर गोल सांभाळलाय.”

सांपाने सगळा हिशेब तयार ठेवला होता, नव्व्याण्णवचा, मागच्या तीन हंगामांतल्या पेनल्ट्यांचा. पण तिने मग विचारलं की चौदा आठवडे तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, मग आजच का, आणि तो हिशेब त्याच्या डोक्यातून साफ उडाला.

“एकदा मला विचारलं होतं, पोरी,” तो म्हणाला. “खाणीच्या टीममध्ये. आमच्या गोलकीपरचा खांदा निखळला. कोच बाकाकडे वळला, म्हणाला, कोण जातंय? मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी बांधलेलीच होती. वर बघायची हिंमत झाली नाही. शेवटी मुलिलो गेला, डावा बॅक. त्याने तीन गोल खाल्ले. लोकांना मी सांगितलं, मला कुणी विचारलंच नाही. बायकोलाही तेच सांगितलं.”

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

“बघते,” तिवोंगे म्हणाली आणि फोन बंद झाला.

बघते म्हणजे हो की नाही, देव जाणे. सांपा वारुळावरून उतरला, पट्टा चढवला, गिरणी सुरू केली. चिसेंगाच्या आईने काहीतरी टोमणा मारला असणार, पण गिरणीच्या घरघरीत तो त्याला ऐकू आला नाही. दिवसभर त्याने मान वर केली नाही. छातीवरचा मोठा दगड हलल्यासारखं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

सहा वाजता नेहमीप्रमाणे दोघं दाराच्या पायरीवर बसली. फेलिस्टस सुपात घेवडा निवडत होती, सांपा ओळी वाचून दाखवत होता. जुन्या रेडिओवरच्या निवेदकासारखा आवाज काढून वाचायची त्याची सवय. बाराव्या मिनिटाला मगरींनी गोल खाल्ला, साठाव्याला फेडला. नव्वद झाली. जादा वेळ सुरू झाला. मगरींचा उजवा बॅक दमला, दमला असं तीन ओळींत आलं, पण त्याची बदली झाली नाही. सांपाला घाम फुटला. त्या पोराला तशा अवस्थेत पळवलं ते आपल्यासाठी, हे त्याला कळलं होतं.

“एकशे एकोणिसावं मिनिट,” त्याने वाचलं. “काफुएची बदली. गोलकीपर बाहेर. सांपा...” आणि तिथेच तो थांबला.

फेलिस्टसने सूप खाली ठेवलं. तो उठला, आत गेला. पेटीचं झाकण वाजलं. परत आला तेव्हा हातांत ते हातमोजे होते. रबर कडक झालं होतं, बोटं शिरता शिरत नव्हती. त्याने ते दातांनी ओढून चढवले आणि पायरीवर न बसता अंगणात, दाराकडे तोंड करून उभा राहिला.

“मोज्यांनी फोन चालत नाही,” तो म्हणाला. “तू वाच.”

एरवी ती कायकाय बोलली असती. आज तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चर्चमध्ये सूचना वाचतात तसं एका सुरात वाचायला सुरुवात केली.

पहिली त्यांची. गोल. आपली पहिली बाहेर. दुसरी त्यांची.

“सांपा कासुबा उजवीकडे झेपावतो,” तिने वाचलं. मग बोटाने ओळ पुन्हा तपासली. “अडवली. अहो, अडवली तुम्ही.”

गुडघे वाकवून, हात पसरून तो उभा होता. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली होती आणि त्याला त्याचं काही नव्हतं. आपली दुसरी गोल. त्यांची तिसरी गोल. आपली तिसरी खांबाला लागली. त्यांची चौथी सांपाने अडवली, पायाने. फेलिस्टसचा एक सूर कधीच मोडला होता. आपली चौथी गोल. दोन-दोन. त्यांची पाचवी वरच्या कोपऱ्यात गेली. ती कुणालाच मिळाली नसती, असं तिने मनचंच घातलं. उरली आपली पाचवी.

ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. नेटवर्क अडकलं असेल असं सांपाला वाटलं. नेटवर्क अडकलं नव्हतं.

“बाहेर गेली,” ती म्हणाली. “तीन-दोन. हरलो.”

सांपाने हात खाली घेतले. येऊन तिच्या शेजारी बसला. वाईट वाटलं का, तर वाटलं, चांगलंच वाटलं. ढाल हातची गेली होती. पण श्वास घेताना छातीत कुठे अडत नव्हतं.

“आज नाडी सुटली नाही ना?” फेलिस्टसने विचारलं.

त्याने चमकून तिच्याकडे बघितलं. ती सुपातला घेवडा चाळत होती.

“तुला कुणी सांगितलं?”

“मुलिलोच्या बायकोने. त्याच आठवड्यात, नळावर.”

“आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“साबणावरून थट्टा केली की तुम्ही हसायचात,” ती म्हणाली. “ह्याच्यावरून हसला नसतात.”

त्याने मोजा घातलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिने तो राहू दिला. फोन वाजत होता. तिने निरोप वाचून दाखवले. तिवोंगेने फक्त ‘काका’ एवढंच लिहिलं होतं. ओबुराने लिहिलं होतं की त्या दोन मला अडवता आल्या नसत्या, पुढच्या हंगामात मलाही धीर वाढवायचाय, तुम्ही कसा भरलात ते सांगा. मग तिने त्याचं पान उघडलं, हंगामाचा गोषवारा. सामने एक. मिनिटं एक. कॉम्प्युटरने पेनल्टीची मिनिटं धरलीच नव्हती.

“तीस वर्षांत एक मिनिट,” फेलिस्टस म्हणाली.

“पुढच्या हंगामाचा तक्ता सोमवारी उघडतो,” सांपा म्हणाला. “शुक्रवारी बाराच्या आत भरायचाय. गिरणी तेवढा वेळ बंद राहील, बायकांना तू सांग.”

रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी त्याने साबण मागितला. तिने कपड्यांचा उरलेला तुकडा न देता नवी वडी फोडून दिली. घामाने मोज्यांचं रबर सुटलं होतं, तळव्याला चिकटून त्याची भुकटी निघत होती. तो अंगणात बादलीपाशी उकिडवा बसून एकेक बोट घासत होता. पाणी गढूळ झालं, तसं त्याने ते ओतून दुसरं घेतलं. फेलिस्टसने दोरीवरचे आपले कपडे दोन्ही बाजूंना सरकवले आणि मधोमध, रस्त्यावरून दिसेल अशी जागा करून दिली. सांपाने मोजे पिळले नाहीत, नुसते झटकले आणि चिमट्यांनी लावले.

चिसेंगाची आई चर्चच्या कपड्यांत कुंपणाशी थांबली. दोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“काल सामना होता का? कोण खेळलं?”

“मी,” सांपा म्हणाला.