लिहिलेली शांतता

"चहा टाकू का?"

मावशींनी विंगेतून वाक्य दिलं. नटाच्या कानापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेत कुणाला कळणार नाही, इतकाच आवाज. रंगमंचावरच्या मोठ्या भावाने दचकून विंगेकडे पाहिलं. त्याच्यासमोर बसलेल्या धाकट्या बहिणीने हसू दाबायला समोरच्या खोक्यात जवळजवळ डोकंच घातलं.

समोरच्या रिकाम्या खुर्च्यांमधून लेखिका उठली.

"मावशी, तो विसरला नव्हता."

"मग बोलत का नव्हता?"

"तिथे शांतता आहे."

"ते दिसलंच की मला. म्हणून तर वाक्य दिलं."

दिग्दर्शकाने, ज्याला सगळे दादा म्हणत, हातातल्या वहीने तोंड झाकून घेतलं. लेखिका मात्र हसली नाही. पायऱ्या चढून ती विंगेत आली आणि मावशींच्या हातातल्या संहितेवर तिने बोट ठेवलं. 'दोघं गप्प. बराच वेळ.' टाईप केलेलं, स्वच्छ.

मावशींनी ते आधी वाचलं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी असल्या कितीतरी शांतता वाचल्या होत्या. संहितेत शांतता असली, की नटाने आवंढा गिळायचा आणि पुढचं वाक्य घ्यायचं, हे काय त्यांना शिकवायला हवं होतं? जुन्या नाटकांत मरणारा माणूससुद्धा दोन पानं बोलून मग मरायचा. आणि ही नवी पोरं! यांची नाटकं पडदा उघडण्याआधीच सुरू झालेली असतात आणि संपलं असं वाटायच्या आत संपतात. मधे काय, तर गप्प.

येत्या रविवारी दुपारी अशा तीन नव्या एकांकिका होत्या, तीन नव्या लेखकांच्या. ही तिसरी. आईच्या मागे तिची खोली आवरायला बसलेले भाऊबहीण. बहीण उशिरा पोचली होती, आई गेल्यावर. खोकी भरता भरता ती विचारते, "शेवटी तिने माझं नाव घेतलं होतं का?" भाऊ गप्प. बराच वेळ. मग म्हणतो, "चहा टाकू का?" झालं नाटक. लेखिका दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बिलाच्या पाठीवर लिहायची. एवढी हुशार मुलगी, पण भावाला एक वाक्य देईना.

तिने कानामागची पेन्सिल काढून समासात लिहिलं, 'इथे मावशीसुद्धा गप्प.'

"आता झालं?"

"झालं बाई," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सातापर्यंत आकडे मोजले आणि आठव्याला वाक्य दिलं. त्यांनी दिलं असं नव्हे, ते सुटलंच. धंद्याचा नियमच तसा होता. प्रेक्षकाला खड्डा दिसता कामा नये. नट आधी श्वासात विसरतो, मग डोळ्यांत आणि सर्वांत शेवटी तोंडात. प्रॉम्प्टरने तोंडाची वाट पाहिली, की उशीर झालाच म्हणून समजायचं.

या वेळी लेखिका चिडली नाही, त्याने जास्त वाईट वाटलं. ती मावशींच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसली.

"मावशी, तो जितका वेळ गप्प राहतो ना, तितका वेळ तो बहिणीला उत्तरच देत असतो. तुम्ही बोललात की ते अर्ध्यात तुटतं."

"आणि लोकांना वाटलं, गडी विसरला, तर?"

"वाटू दे की थोडा वेळ. तिलाही तेच वाटतंय."

दादाने लांबून आवाज दिला, "मावशी, रविवारी एवढं सांभाळा हं. नाहीतर तुम्हाला प्रेक्षकांत बसवीन!"

सगळे हसले. मावशीही हसल्या, पण रुमालाची घडी त्यांनी तीनदा मोडून पुन्हा घातली. नव्या नटांची वाक्यं चोख पाठ असतात, त्यांना प्रॉम्प्टर लागत नाही, हे त्यांना कळत होतं. दादाने ही विंग त्यांना सवयीने दिली होती, गरजेने नव्हे. आणि सवय काय, मोडता येते.

घरी मात्र त्यांची गरज होती. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलण्यात इतकं गुंगवायचा, की माणूस रेडिओ न्यायला विसरायचा, असा त्यांचा नवरा. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय परत आला, हातही बराचसा आला, पण शब्द एकेक करून येत होते, लांबच्या गावाहून पायी आल्यासारखे. डॉक्टर म्हणाले होते, बोलू द्या त्यांना. मावशींनी ते ऐकलं होतं. पण तो "मला जरा" म्हणेपर्यंत त्या "पाणी?" म्हणून पेला पुढे करायच्या. रोज संध्याकाळी तो पलीकडे हात करून "ती... ती..." म्हणायचा आणि त्या "खिडकी ना? लावते," म्हणत उठायच्या. तो थोडा वेळ बघत राहायचा, मग मान हलवायचा. वर्षभरात त्यांनी त्याला एकदाही अडखळू दिलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता.

मावशी तालमीला गेल्या, की त्याच्याजवळ नणंद येऊन बसायची. ती नवऱ्याहून मोठी, तोंडाने फटकळ.

"वहिनी, तू असलीस की तो तोंड उघडतो आणि वाक्य तुझंच बाहेर पडतं. पिठाच्या गिरणीत दळण एकाचं आणि पीठ दुसऱ्याचं, तसं."

"मग काय, अडकलेला बघत बसू त्याला?"

"मी बसते. परवा भोपळा म्हणायला त्याला पाव तास लागला. मला कुठे आगगाडी गाठायची होती?"

"भोपळा कशाला हवा होता?"

"नकोच होता. मला म्हणत होता."

रविवारी दुपारी हॉल पाऊण भरला. पहिल्या एकांकिकेत लोक हसले, दुसरीत शेवटी कुणीतरी शिटी मारली. तिसरी सुरू झाली तेव्हा मावशींनी चष्मा पुसला, संहिता मांडीवर उघडली आणि रुमाल घट्ट धरला.

बहिणीने खोक्यातली आईची शाल बाहेर काढली, परत ठेवली. मग विचारलं.

भाऊ गप्प झाला.

मावशी मोजू लागल्या. सात गेले, दहा गेले. समोर कुणीतरी खोकणार होतं, ते खोकलं नाही. एका हाताने खोकं काखेत धरून भाऊ उभाच होता. बाराव्या आकड्याला मावशींना दिसलं, त्याच्या मोकळ्या हाताचा अंगठा पँटच्या शिवणीवरून खालीवर फिरत होता.

हे तालमीत नव्हतं. या मुलाला त्या सहा वर्षं ओळखत होत्या. अंगठा शिवणीवर गेला, की वाक्य गेलं. श्वासही वर अडकलेला. तो खराखुरा विसरला होता.

वाक्य मावशींच्या ओठांवर आलं. तीनच शब्द. ते द्यायलाच तर त्या या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवरच्या पानावर पेन्सिलीची अक्षरं होती. 'इथे मावशीसुद्धा गप्प.' पलीकडच्या विंगेत लेखिका उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. तिला अंगठ्याचं काही ठाऊक नव्हतं.

मावशींनी रुमाल दातांत धरला.

बहीण भावाकडे बघत होती. हळूहळू तिची मान खाली गेली. तिने शाल पुन्हा उचलली आणि या वेळी मांडीवर घेतली. हॉलमध्ये इतके लोक असून खुर्चीसुद्धा करकरली नाही. मावशींना वाटलं, उत्तर आलं. वाक्य आलं नाही, पण उत्तर आलं. एकतीस वर्षं त्या पुढच्या वाक्यावर बोट ठेवून बसल्या होत्या. मधल्या जागेत माणसं काय करतात, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

भावाने खोकं खाली ठेवलं. चुलीवर काहीतरी उतू गेल्यासारखा एकदम वळला.

"चहा टाकू का?"

"टाक," बहीण म्हणाली.

दिवे गेले. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मात्र थांबेनात.

विंगेत लेखिका धावत आली. डोळे पुसलेले होते, नाक पुसायचं राहिलं होतं. मावशींनी रुमाल पुढे केला आणि तो ओला असल्याचं बघून परत घेतला.

"मावशी, इतका वेळ कधीच नव्हता. तो विसरला होता ना?"

"मला काय विचारतेस? तिथे शांतता लिहिलीय. मी वाचलंय."

लेखिकेने बाहीने नाक पुसलं. "आवडलं तुम्हाला?"

"पहिल्या वाचनाला अजिबात आवडलं नव्हतं."

"आणि आता?"

"थांब जरा," मावशी म्हणाल्या. संहिता मिटून त्यांनी पिशवीत टाकली. प्रयोग संपला की ती दादाकडे परत द्यायची असते. त्यांनी दिली नाही.

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. नणंद चपला शोधत होती.

"दुपारभर गप्पा मारल्या आम्ही. चार वाक्यं झाली," ती म्हणाली. "दोन शिव्या होत्या, त्या धरून."

ती गेली. मावशींनी पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले. नवरा उशीला टेकून बसला होता. त्याने नेहमीसारखा पलीकडे हात केला.

"ती... ती..."

मावशी अर्ध्या उठल्या होत्या. खिडकी ना, लावते. शब्द दातांपर्यंत येऊन उभे राहिले. त्या परत पलंगाच्या काठावर बसल्या.

त्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग हाताकडे. श्वास वर अडकला, खाली आला. चादरीवर त्याचा अंगठा फिरत होता. बाहेरून कुणीतरी हवा गेलेली सायकल ढकलत नेली, तिचा फटफट आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. मावशींनी मोजलं नाही.

"ती," तो म्हणाला. "खुर्ची. इकडे... ओढ."

मावशींनी वळून पाहिलं. खिडकीखाली खुर्ची होती. रोज संध्याकाळी त्या खिडकी लावायच्या आणि तिथेच बसायच्या, भिंतीला पाठ लावून, तो कधी अडखळेल यावर लक्ष ठेवत. खोलीच्या त्या टोकाला. वर्षभर.

त्या उठल्या. खुर्चीचा पाय सतरंजीत अडकला, तो सोडवून त्यांनी ती पलंगाला लावली आणि बसल्या. गुडघे गादीला टेकले. खिडकी उघडीच राहिली.

नवऱ्याने त्यांचा हात वगैरे धरला नाही. फक्त उशी थोडी सरकवून त्यांच्याकडे नीट तोंड केलं आणि पुन्हा ओठ उघडले.

"आज... आज..."

काहीतरी येत होतं. काय, ते मावशींना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.