दुसरी झेन्नारो

पत्रात वाईट असं काही लिहिलेलंच नव्हतं. मोदेस्ता घाबरली ती त्यामुळेच. 'डाव्या बाजूची आणखी तपासणी करणे आवश्यक वाटते. पुढील गुरुवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे.' इथपर्यंत माणूस धीर धरू शकतो. पण खाली, सहीच्या जरा वर, एक ओळ होती: 'शक्यतो सोबत जवळचे माणूस आणावे.'

जवळचं माणूस कशाला? दात उपटायला बोलावतात तेव्हा असं कुणी लिहीत नाही. चष्म्याचा नंबर काढायलाही नाही. ती पाकीट हातात धरून चुलीपाशी उभी राहिली. हाताला शिंपल्यांचा वास होता, तीस वर्षं जात नव्हता तो. बाहेर ओत्तोरिनो, तिचा नवरा, होडीच्या इंजिनाला शिव्या घालत होता. तिने पत्र घडी करून मक्याच्या पिठाच्या डब्यात, पिठाच्या पिशवीखाली सरकवलं आणि झाकण दाबून बसवलं. जणू आतून काही बाहेर येणार होतं.

महिन्यापूर्वी इस्पितळाची पांढरी गाडी धक्क्यावर, चर्चसमोर, येऊन उभी राहिली होती. पन्नास ते सत्तरच्या सगळ्या बायकांना बोलावणं होतं, छातीचं क्ष-किरण चित्र काढायला. रांगेत बायका खिदळत होत्या, मासळीच्या लिलावाला आल्यासारख्या. एकीने विचारलं की किलोवर घेतात की नगावर. आतल्या मुलीने मोदेस्ताला थंड फळीवर दाबून धरलं. त्याआधी तिच्या डाव्या बाजूच्या तिळावर मण्याएवढी टिकली चिकटवली, तिळाचा डाग चित्रात गाठीसारखा दिसायला नको म्हणून. दोन मिनिटांत 'झालं, जा' म्हणाली. मोदेस्ता घरी आली आणि विसरून गेली.

आता रात्रंदिवस तोच एक विचार. भांडी घासताना हात डाव्या बाजूला जाई. तिथे काही लागे, पुन्हा दाबलं की काही लागत नसे, म्हणून तिसऱ्यांदा दाबावं लागे.

तिसऱ्या दिवशी ओत्तोरिनो बाहेर गेल्यावर तिने डबा उघडला आणि पाकीट उजेडात धरलं. तेव्हा कुठे तिला पत्ता दिसला. घर नंबर दोनशे चौदा. तिचं घर दोनशे एक्केचाळीस. दोनशे चौदा म्हणजे लाल मोदेस्ताचं.

ती खुर्चीत बसली आणि हसली. मग आपण हसलो हे कळून तिला घामच फुटला.

व्हेनिसजवळच्या त्या बेटावर आडनावं चारच. वियानेल्लो, बुसेत्तो, स्कार्पा, झेन्नारो. आठ मैल लांब वाळूची पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे हीच चार नावं शतकानुशतकं एकमेकांशी लग्नं लावत आलेली. त्यात संत मोदेस्तोच्या सणादिवशी, पंधरा जूनला, झेन्नारोंच्या दोन घरांत दोन मुली झाल्या. दोन्ही बापांना वेगळं नाव सुचलं नाही. एक सकाळी जन्मली, एक दुपारी. सकाळची मोठी होऊन होडी वल्हवायला लागली, व्हेनिसच्या मोठ्या शर्यतीत चारदा पहिली आली आणि पहिल्या नंबराचा लाल झेंडा चारदा घरी घेऊन आली. ती लाल मोदेस्ता. दुपारची शिंपल्या निवडायच्या शेडमध्ये लागली. ती दुसरी. कुणी दुष्टपणाने म्हणत नसे. नुसतं 'दुसरी' म्हणायचे, जसं दुसरं दार म्हणतात.

चर्चच्या सभागृहात संगमरवरी फलक आहे, 'झेन्नारो कुळातले नामवंत'. एक बिशप, एक जहाजं बांधणारा, एक कप्तान, एक गवई, आणि सगळ्यात खाली एकुलती एक बाई: मोदेस्ता झेन्नारो, नौकापटू. सोन्याच्या अक्षरात. दुसरी दर रविवारी त्या फलकाखालून जायची. स्वतःचं नाव सोन्यात वाचायचं आणि ते आपलं नाही हे पाठ करायचं. त्या बिशपाने जन्मात एक शिंपली उघडली नसेल. त्याला वाढवणाऱ्या, त्याचे सदरे धुणाऱ्या झेन्नारो बायका कुठल्या दगडावर कोरल्या आहेत? पण हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. फोन यायचे: मोदेस्ता झेन्नारो का? हो, पण ती नव्हे, दुसरी. आयुष्यभर हे एकच वाक्य. तिच्या लग्नाचा केक पलीकडच्या चिओज्जा गावाहून होडीने आला तोसुद्धा दोनशे चौदामध्ये गेला होता. त्यांनी शर्यतीचं बक्षीस समजून कापून खाल्ला.

सरकारलाही या दोघी वेगळ्या करता येत नव्हत्या. नाव, दिवस, गाव यांवरून सरकार प्रत्येकाचा क्रमांक बनवतं, तो दोघींचा एकच निघाला. मग दुसरीला व्हेनिसच्या कचेरीत बोलावून तिच्या क्रमांकातला एक अंक काढला आणि तिथे अक्षर घातलं. अर्थात दुसरीच्याच. पाकिटावरच्या क्रमांकात अक्षर नव्हतं, अंक होता. म्हणजे क्रमांकही लालचा. पत्र लालचं, दुखणं लालचं.

मग ती ते लालला नेऊन का देत नव्हती?

हे तिने स्वतःला विचारलं आणि उत्तर आवडलं नाही. केकाचा राग होता, फलकाचा होता. पण खरं कारण भीती होती. पत्र डब्यात असेपर्यंत ते लालचं होतं. ते बाहेर काढून लालच्या हातात दिलं, आणि लाल म्हणाली की मी तर त्या गाडीत चढलेच नव्हते, तर? तर मग या बेटावर मोदेस्ता झेन्नारो नावाची एकच बाई उरत होती.

म्हणून शुक्रवार गेला, शनिवार, रविवार गेला. सोमवारी आपण लालच्या जिवाचे दिवस पिठाच्या डब्यात कोंडून ठेवलेत हे तिला स्वच्छ दिसलं, आणि तरी मंगळवारही गेला. ओत्तोरिनोने विचारलं, काय गं, तोंड का असं आंबलंय. ती म्हणाली, दाढ. बुधवारी दुपारी शेडवरून परतताना लाल मोदेस्ता धक्क्यावर दिसली, खांद्यावर वल्हं टाकून, एकसष्टाव्या वर्षीही खांबासारखी ताठ, कुणाला तरी हाका मारत. मोदेस्ता घरी गेली, डबा उघडला, पाकिटावरचं पीठ झटकलं आणि निघाली. सत्तावीस घरं. प्रत्येक दारापाशी तिला वाटलं, परत फिरावं.

लालच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चार झेंडे होते, उन्हाने विटून गुलाबी पडलेले. लाल चुलीशी कांदा व्हिनेगर घालून परतत होती, तळलेल्या मासळीवर ओतायला.

"ये गं दुसरे," लाल मागे न बघता म्हणाली. "केक मागायला आलीस काय?"

मोदेस्ताने पाकीट टेबलावर ठेवलं. उघडलेलं आहे हे दिसतच होतं. आठ दिवसांपूर्वी आलं, तेही सांगून टाकलं. आपण घाबरलो, असं सांगितलं. माफी मागितली नाही. ती तोंडातून निघतच नव्हती.

लालने हात पुसले, वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचे ओठ हलले. मग तिने फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने लावलेला एक कागद काढला आणि पत्राशेजारी ठेवला. तेच इस्पितळ, तीच सही. 'काहीही आढळले नाही. दोन वर्षांनी पुन्हा यावे.' वर नाव, मोदेस्ता झेन्नारो. घर नंबर दोनशे चौदा. क्रमांक तोच. शेवटच्या अंकापर्यंत तोच.

"दोन्ही पत्रं माझ्याच नावावर," लाल म्हणाली. "मग तुझ्या घरी एक कसं आलं?"

कांदा करपायला लागला होता. दोघींपैकी कुणीच तो उतरवला नाही.

लालने गिल्दो स्कार्पाला फोन लावला. गिल्दो बेटाचा पोस्टमन, पंचवीस वर्षं हीच चार नावं वाटतोय. त्याचं म्हणणं मोदेस्ताला फोनमधून ऐकू येत होतं. त्यात त्याला अभिमानही वाटत होता. एकाच दिवशी दोन पाकिटं, एकच नाव, एकच घर नंबर. कुणी परका पोस्टमन असता तर दोन्ही एकाच दारात टाकून गेला असता. पण तो ओळखून होता की बेटावर दोन मोदेस्ता आहेत, दोघी गाडीत चढल्या होत्या, आणि शहरातल्या गाढवांनी पत्ता चुकवलाय. म्हणून त्याने एक इथे टाकलं, एक तिथे.

"कुठलं कुठे टाकायचं हे कसं ठरवलंस?" लालने विचारलं.

 गिल्दो म्हणाला, वरचं होतं ते आधी लागलेल्या दारात टाकलं.

लालने फोन ठेवला आणि ती खुर्चीची पाठ धरून हळूच बसली. चार वेळा पहिली आलेली बाई. मोदेस्ताला आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात दिसले. तळव्यांना घट्टे पडलेले, तिच्यासारखेच. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. आठ दिवसांत मोदेस्ताने शंभर वेळा मनात म्हटलं होतं की हे हिचं असू दे. आता समोर बसल्यावर तेच म्हणायला गेली तर जमेना. म्हणून तिला जास्तच भीती वाटली, कारण मग उरत होतं ते दुसरं, ते आपलंच असणं.

"उद्या दोघी जाऊ," लाल म्हणाली. "जवळचं माणूस आणा म्हणालेत ना. तू माझं, मी तुझं. तिथे गेल्यावर बघू कुणाचं कोण."

होडीत त्या शेजारी बसल्या आणि चिओज्जा येईपर्यंत हवेखेरीज कशावरही बोलल्या नाहीत. दोघींनी रविवारचे कोट घातले होते. घाबरलेली माणसं कपडे चांगले घालतात.

इस्पितळाच्या खिडकीत एक तरुण कारकून होता, मुख्य भूमीवरचा, केस चापून बसवलेला. मोदेस्ताने दोन्ही पत्रं काचेखालून सरकवली आणि सांगितलं की आम्ही दोघी आहोत, एक नाही. त्याने पडद्यावर पाहिलं. म्हणाला, नाव एक, क्रमांक एक, बाई एक.

"माझ्या क्रमांकात अक्षर आहे," मोदेस्ता म्हणाली. "शेवटून दुसरं."

"ते हो," कारकून म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं, कारण हे त्याला माहीत होतं. "गाडीतून यादी आली तेव्हा ते मीच दुरुस्त केलं. अंकाच्या जागी अक्षर असत नाही, बाई. टायपिंगची चूक होती. दुरुस्त केल्यावर पत्ताही आपोआप लागला."

मोदेस्ता त्याच्याकडे बघत राहिली. एकसष्ट वर्षं जगून तिच्या मालकीचं म्हणून सरकारदरबारी एक अक्षर होतं. तेही याने चूक म्हणून खोडलं होतं.

"ती चूक नाही, पोरा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "ती मी आहे. तू मला खोडलंस. आता आत जा आणि डॉक्टरला सांग की बाहेर दोन बायका बसल्यात आणि त्यांतली मरणारी कुठली हे तुला ठाऊक नाही. सांगून ये. तोवर मी ही खिडकी सोडत नाही."

तो गेला.

त्यांना कागदी झगे दिले आणि एका अरुंद खोलीत बाकावर बसवलं. उघड्या पाठीला भिंत गार लागत होती. लालने विचारलं, तुझ्या घरात कुणाला होतं का. आईला, मोदेस्ता म्हणाली, पण तेव्हा पोटदुखी म्हणायचे. लाल म्हणाली, माझ्या मावशीला. मग दोघी जमिनीवरच्या फरशा मोजल्यासारख्या खाली बघत राहिल्या. मोदेस्ताला वाटलं, दार उघडूच नये. तिला वाटलं, उघडावं आणि 'झेन्नारो' म्हणून हाक यावी आणि लाल उठावी, जशी ती नेहमी उठते, आधी. तिला स्वतःची किळस आली आणि तरी तेच वाटत राहिलं.

दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या, हातात एक काळं चित्र. "झेन्नारो?" त्या म्हणाल्या.

लाल उठली नाही. कुणीच उठलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली. झाल्या प्रकाराबद्दल दोन वाक्यं बोलल्या. म्हणाल्या, दोघींची चित्रं पुन्हा काढूच, पण कदाचित त्याआधीच कळेल. मग चित्र खिडकीकडे धरलं. राखाडी ढगासारखं काहीतरी, आणि कडेला एक लहानसं पांढरं वर्तुळ, मण्याएवढं.

"ही टिकलीची खूण. गाडीतल्या मुली तिळावर लावतात," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूला तीळ कुणाला आहे?"

लालने झग्याचा गळा ओढून आत पाहिलं. एकसष्ट वर्षांचं स्वतःचं अंग तिला माहीत नव्हतं असं नाही, पण तिने पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. मग मान वर करेनाच.

मोदेस्ताला बघायची गरज नव्हती. तिने हात झग्यावरून तिथे ठेवला. सगळं अंग गार पडलं होतं आणि तेवढी एक जागा गरम होती. या नावाने आजवर आलेलं सगळं शेजारच्या घरी गेलं होतं. हे मात्र बरोबर तिच्याच दारात पडलं होतं. पळायला जागा नव्हती. ती उभी राहिली.

"मीच," ती म्हणाली. "मोदेस्ता झेन्नारो. मीच ती."

डॉक्टरीणबाईंनी दार तिच्यासाठी धरलं, आणि बाकावरून उठून तिचा दंड पकडणाऱ्या उंच बाईकडे पाहिलं. "आणि या कोण?"

मोदेस्ताने मागे पाहिलं. लालच्या तोंडाला रंग नव्हता, आणि पकड मात्र वल्ह्यावरची होती.

"ही दुसरी," मोदेस्ता म्हणाली. "सोबत आलीय."