आठवडाभर अलीकडची तारीख

मित्रांनो, माझ्यावर कोपर टेकायचे असेल तर आधी बाही वर करा, नाहीतर खडू लागेल. मी शिंप्याच्या दुकानातले कापड बेतायचे टेबल आहे. कोणा सुताराने मला एका जुन्या दाराच्या फळ्यांतून बनवले. कडीचे भोक अजून माझ्या एका टोकाला आहे, त्यात खडूचे तुकडे ठेवतात. आमच्या शिंपी मास्तरांनी मला त्यांच्या उस्तादांकडून घेतले तेव्हाच माझा एक पाय बदललेला होता. म्हणून या घरात मला सगळे ‘आजोबा’ म्हणतात. त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाची पंचाईत होते. आतून कोणीतरी म्हणते, “कात्री आजोबांवर ठेव,” आणि गिऱ्हाईक दचकून म्हातारा शोधू लागते.

माझे चांगले दिवस मी पाहिले आहेत. लग्नांचे कोट, शाळांचे गणवेश, म्हाताऱ्यांचे पायजमे, सगळे माझ्यावर कापले गेले. हातात कापड घेऊन आलेली माणसे माझ्यावर थाप मारून म्हणत, “आता असं लाकूड मिळत नाही.” पुढे तयार कपड्यांची दुकाने झाली आणि आमचे काम कमी झाले. मास्तरांच्या एका भावाने सल्ला दिला, की हे धूड विकून टाक आणि काचेचे कपाट लाव. तेव्हा मास्तरांची बायको म्हणाली, “आजोबांना बाहेर काढायचं असेल तर भावजी, मलाही त्याच हातगाडीवर बसवा.” तो विषय तिथेच मिटला. मला आजोबा म्हणतात म्हणून मीही तिला मनातल्या मनात सूनबाई म्हणत असे.

सूनबाई सगळ्या कामाची आखणी माझ्यावरच करी, खडूने. कागद हरवतो, आजोबा हरवत नाहीत, असे तिचे म्हणणे. खिडकीकडच्या कडेला ती कपडा द्यायचा दिवस लिही आणि मग उलटे येत येत डावीकडे बाकीचे मांडी. आधी काजे-बटणे, मग फिटिंग, मग शिलाई, आणि शेवटी बेतणे. “शेवटापासून सुरुवात केली की मधलं काही विसरत नाही,” ती म्हणे.

तिची आणखी एक खोड होती. गिऱ्हाइकाला सांगितलेली तारीख ती कधीच लिहीत नसे, आठवडाभर अलीकडची लिही. मशीन बिघडते, वीज जाते आणि मास्तर नेमके गर्दीच्या दिवसांत आजारी पडतात. तो आठवडा त्यासाठी राखलेला असे. मास्तरांना हे ठाऊक होते. ते तारीख बघत, मनातल्या मनात आठवडा पुढे ढकलत आणि निवांत चहा पीत बसत.

“तुम्हाला कळलं तर माझ्या लबाडीचा उपयोग काय?” ती विचारी.

“घरातल्या माणसाला लबाडी कळायचीच,” ते म्हणत.

काम पोचले की ती ओल्या फडक्याने ती ओळ पुसून टाकी. न पोचलेल्या कामाची ओळ तिने कधी पुसली नाही आणि पोचलेल्या कामाची कधी ठेवली नाही.

मग ती आजारी पडली आणि गेली. याबद्दल मला फार सांगता येत नाही. रोज सकाळी तिचा हात माझ्यावरून फिरायचा, तो फिरेनासा झाला, एवढे मला कळले. तिने लिहिलेली शेवटची ओळ माझ्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर होती: ‘राखाडी कोट, शुक्रवार’. तो कोट मास्तरांनी शिवला. गिऱ्हाईक तो घालून मिरवायलाही लागले. पण मास्तरांनी ती ओळ पुसली नाही. कापड पसरताना ते कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवत. मोठ्या पन्ह्याचे कापड आले तर दुमडून घेत आणि वाकडे कापले गेले तर स्वतःलाच शिव्या घालत. माझा तो कोपरा जणू सुट्टीवरच गेला.

मास्तरांना एक मुलगी आहे. ती लहानपणी माझ्या पायांशी बसून सांडलेल्या टाचण्या वेचायची आणि बोलायचीही टोचून, म्हणून तिचे नाव टाचणीच पडले. मी सांगतो आहे ती गोष्ट तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाची.

आमच्याकडे एक काका येत. त्यांचा एक पाय नकली होता. त्यांची पँट त्याच गुडघ्यावर सारखी फाटे. मास्तर बाहेरून ठिगळ लावत, ते काही दिवस टिके. एकदा टाचणी म्हणाली, “काका, जरा बसून दाखवता का?” काका बसले. तिने वाकून बघितले. पायाच्या सांध्याचा लोखंडी खिळा कापडाला आतून घासत होता. तिने आतून जाड अस्तर लावले आणि मग विचारले, “हा पाय ज्यांनी केला त्यांनी तुम्हाला चालताना बघितलं होतं का?” काका म्हणाले, “छे गं. माप पाठवलं, पाय आला.” त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तिला नकली हातपाय बनवायला शिकायचे होते. ते शिकवणारे कॉलेज होते एकच, आणि ते दूर होते. घरापासून जवळ होते ते हिशेबाचे कॉलेज.

दूरच्या कॉलेजला मागण्या फार. परीक्षेचे गुण हवेत, शिक्षकाची शिफारस हवी, तिचा निबंध हवा, आणि पालकाने स्वतःच्या हाताने मुलीबद्दल लिहिलेले एक पान हवे. एका दुपारी टाचणीने कडीच्या भोकातून निळा खडू काढला आणि आईसारखीच आखणी मांडली, शेवटापासून.

“बाबा, हे बघा. ही शेवटची तारीख. त्या दिवशी पाचपर्यंत सगळं शाळेतल्या बाईंकडे द्यायचं, त्या एकत्र पाठवणार. त्याच्या अलीकडे निबंध. त्याच्या अलीकडे सरांची शिफारस.”

“आणि इथे ‘बाबा’ असं काय लिहिलंयस?”

“तुमचं पान. माझ्याबद्दल लिहायचंय. एकच पान.”

“मी तर मापंसुद्धा बोलून दाखवतो, लिहायची तुझी आई.”

“माहितीय. खोटं लिहू नका म्हणजे झालं.”

“मग सोपं आहे. ‘उशिरा उठते’ एवढं लिहितो आणि सही करतो.”

ती हसली. खूप दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसले, म्हणून मला ते लक्षात आहे.

पुढचे काही आठवडे ती एकेक काम उरकून ओळ पुसत गेली. सरांची शिफारस पुसली गेली, निबंध पुसला गेला. ‘बाबा’ तेवढे राहिले. मास्तर अधूनमधून कागद घेऊन माझ्यापाशी बसत. ‘आमची मुलगी’ एवढे लिहीत आणि थांबत. ‘आमची’ या शब्दावर त्यांचे बोट फिरत राही. मग कागद दुमडून खिशात घालत आणि मशीनवर जाऊन बसत. टाचणीने विचारले तर म्हणत, “होईल गं. वेळ आहे.”

मग तो दिवस आला. मास्तर माझ्यावर गणवेशाचे कापड पसरून उभे होते. टाचणी शाळेतून जेवणाच्या सुट्टीत घरी आली. तिने दप्तर खाली ठेवले नाही.

“बाबा, पान द्या.”

“अजून आठवडा आहे की.”

“कसला आठवडा? आज आहे.”

“आज कशी असेल?” मास्तरांनी माझ्या कडेकडे बोट केले. “तारीख आजची लिहिलीयस, म्हणजे खरी पुढच्या आठवड्यात.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ते कपड्यांचं होतं.”

“या आजोबांवर कधी खरी तारीख लिहिली गेलीय का?”

“आई लिहायची नाही. मी लिहिली.”

मास्तरांच्या हातातली कात्री उघडी होती, ती तशीच राहिली. मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. इतकी वर्षे त्यांनी माझ्यावरची प्रत्येक तारीख आठवडाभर पुढेच वाचली होती. पण मी जुने लाकूड आहे, मला वजन कळते. कागद घेऊन बसत तेव्हा त्यांचे कोपर किती जड होई ते मला ठाऊक आहे. पान पुरे झाले की मुलगी जाणार, हेही त्या कोपरात होते.

टाचणी रडली नाही. तिने दप्तराचा पट्टा नीट केला. “राहू द्या बाबा. जवळचं कॉलेज आहेच. त्यांना पान लागत नाही.”

“तिथे हातपाय शिकवतात?”

“हिशेब शिकवतात.”

“तुला हिशेब आवडतो?”

“शिकले की आवडेल. आणि तुम्हाला एकटं जेवायला नको.”

मास्तरांनी गणवेशाचे कापड गोळा करून खुर्चीवर टाकले. एवढी वर्षे मी त्यांना पाहतो आहे, कापड असे टाकताना कधी पाहिले नव्हते. “बस,” ते म्हणाले. “कागदावर मला जमत नाही. आधी बेततो, मग कापतो.” आणि त्यांनी खडू उचलला.

ते माझ्यावर लिहू लागले. डाव्या टोकाला सुरुवात केली आणि कापड बेतावे तसे सरकत गेले. मध्येच थांबत, मुठीने पुसत, पुन्हा लिहीत. मला प्रत्येक अक्षर कळत होते, कारण ते दाबून लिहितात. त्यांनी लिहिले ते असे:

“आमची मुलगी उसवायला बसली की कापडाला इजा होत नाही. मी घाईत फाडतो, ती फाडत नाही. एका गिऱ्हाइकाची पँट गुडघ्यात फाटायची. मी बाहेरून ठिगळं लावत राहिलो. तिने त्यांना बसायला सांगितलं, पाय बघितला आणि आतून अस्तर लावलं. ती पँट अजून टिकली आहे. तिची आई गेली तेव्हा ती रडली, मग उठून अडलेल्या गिऱ्हाइकांचे कपडे घरोघर पोचवून आली. मी सांगितलं नव्हतं. ती उशिरा उठते. ती गेली तर मला अडचण होईल. ती अडचण माझी आहे, तिच्या अर्जात धरू नये. तिचे बाबा, शिंपी.”

शेवटच्या ओळीपर्यंत ते खिडकीपाशी पोचले होते. मग त्यांनी तेच कागदावर उतरवून काढले. टाचणीने वाचले. “ठिगळांचं कशाला लिहिलंत? लोक म्हणतील शिंप्याला येत नाही.”

“खोटं लिहू नका म्हणालीस ना.”

तिने पान दप्तरात ठेवले आणि निघाली. तिच्या मागोमाग मास्तरही निघाले, गळ्यात टेप तसाच. पान गेले की नाही ते स्वतः बघायचे, असा त्यांचा हट्ट. तिथे काय झाले ते मी संध्याकाळी टाचणीच्या तोंडून ऐकले. बाई म्हणाल्या, “मास्तर, पानाला खडू लागलाय.” मास्तर म्हणाले, “शिंप्याचं पान आहे, बाई.” बाईंनी झटकायला हात उचलला, पण झटकले नाही. तसेच पाकिटात घातले.

घरी आल्यावर मास्तर माझ्यापाशी आले आणि तिथेच थबकले. खिडकीकडच्या कोपऱ्यावर आता ‘तिचे बाबा, शिंपी’ एवढेच होते. त्याखाली ‘राखाडी कोट’ नव्हता. लिहिण्याच्या भरात त्यांच्याच मुठीने तो पुसला गेला होता आणि त्यांना कळलेही नव्हते.

टाचणीने त्यांचा चेहरा पाहिला, मग कोपरा पाहिला. “बाबा, आईचं पुसलं गेलं.”

ते त्या जागेवर तळहात ठेवून उभे राहिले. “कोट कधीच पोचलाय,” ते म्हणाले. “ती असती तर मला ओरडली असती, इतके दिवस ठेवला म्हणून.”

दुसऱ्या दिवशी गणवेशाचे कापड माझ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले गेले, न दुमडता.

कॉलेजचे उत्तर यायला बराच काळ गेला. या काळात दोघेही जवळच्या कॉलेजाबद्दल बोलत आणि दूरच्याचे नाव घेत नसत. उत्तर आले तेव्हा टाचणीने ते उभ्या उभ्या वाचले आणि माझ्यावर बसली. माझ्यावर बसायला त्या घरात बंदी आहे. मास्तरांनी नवे कापड काढले आणि तिचे माप घेतले. कोट शिवायचा तर खांद्याला जरा सैल हवा, म्हणाले, तिथे थंडी असते. तिची बॅगही माझ्यावरच भरली गेली. जाताना तिने वाकून माझ्या बदललेल्या पायाला हात लावला आणि म्हणाली, “आजोबा, बाबांवर लक्ष ठेवा.” मी काय ठेवणार? पण ठेवतो.

आता मास्तर माझ्याच एका टोकाला ताट ठेवून जेवतात. गरम भांडे माझ्यावर थेट ठेवत नाहीत, खाली कापडाची घडी ठेवतात. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने टेबल, कपाट किंवा मशीन असेल. त्याला ओल्यात ठेवू नका, तापलेली इस्त्री त्याच्यावर टेकवू नका. आणि त्याच्याभोवती बसणाऱ्या माणसांना तुमच्या मनातली तारीख तोंडाने सांगा. ती आपोआप कळेल असे धरून चालू नका. लाकडालाही सगळे कळत नाही.

गेल्या महिन्यात टाचणीच्या सुट्टीची तारीख कळली. मास्तरांनी भोकातून खडू काढला आणि खिडकीकडच्या कोपऱ्यावर लिहिले: ‘टाचणी’. पुढे तारीख घातली. मग उलटे येत येत बाकीचे मांडले. तिच्या खोलीचा पडदा, उशीचा अभ्रा, दाराची कडी. एकेक करत सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. ‘टाचणी’ तेवढी उरली आहे. ती तारीख काल होऊन गेली. मास्तर काल नवा सदरा घालून दुकान उघडून बसले होते आणि गिऱ्हाइकांनी विचारले तर सांगत होते, “मुलगी यायचीय.”

ती पुढच्या आठवड्यात येणार आहे. हे त्यांना ठाऊक आहे. मलाही.