विमानाच्या पंखातलं रक्त

ढगांत बुडालेल्या त्या माळावर मोडक्या पंखाभोवती साठ-सत्तर माणसं गुडघे टेकून बसली होती. अडतीस वर्षांपूर्वी इथे विमान आपटलं, तेव्हा एकही जण वाचला नव्हता. आता पंखाच्या फटीतून लाल थेंब ठिबकत होते आणि ऑलिंपो नावाचा बुवा ते बोटावर घेऊन एकेकाच्या कपाळाला लावत होता. मेलेल्यांचं रक्त अजून वाहतंय, तो सांगत होता; ज्याच्या कपाळी लागेल त्याने औषधं फेकून द्यावीत. आव असा, जणू सगळे मृत त्याच्याच पंगतीला जेवत होते.

निल्दा आपल्या आईला, होविताला, खेचरावर बसवून चार तास चढून आली होती. या बुवाच्या शब्दावर म्हातारीने तीन आठवडे इन्सुलिन सोडलं होतं आणि पायाचं बोट काळवंडू लागलं होतं. त्या विमानात म्हातारीचा नवरा, म्हणजे निल्दाचा बाप होता. त्यामुळे लेकीचं ती ऐकेना. निदान प्रकार काय आहे ते बघू, म्हणून निल्दा आली.

निल्दाची वीस वर्षं आंबातो शहरातल्या गॅरेजात बसगाड्यांखाली शिरून दुरुस्ती करण्यात गेलेली. कपाळाला थेंब लागताच तिने वास ओळखला. बसच्या स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल.

तिने पेलाभर पाणी मागून घेतलं आणि त्यात थेंब सोडला. तो तवंग होऊन वरच राहिला.

"रक्त पाण्यात मिसळतं. हे तरंगतंय."

"पवित्र रक्त बुडत नाही, बाई."

"मग त्याला बसच्या तेलाचा वास कसा?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पंखाला हात लावलास तर बापाचा आत्मा खवळेल, असं बुवाने बजावलं. निल्दा सरळ पंखावर चढली. वर पसरलेलं मेंढीचं कातडं तिने उचललं. खाली सलाइनची पिशवी होती, लाल तेलाने भरलेली. नळी फटीत खोचलेली आणि तिच्यावर थेंब कमीजास्त करायचं चाक. निल्दाने ते बंद केलं. रक्त थांबलं.

डोंगर बाटला, असं पुटपुटत बुवा धुक्यात सटकला.

होविता रडू लागली. "मला वाटलं, त्याचं काहीतरी राहिलंय इथे."

"बाबांचं रक्त माझ्या अंगात आहे, आई. या पत्र्यात नाही."

मग ती लोकांकडे वळली. "गेलेल्यांना फुलं वाहा, कोण नको म्हणतंय? पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुठे काही ठिबकताना दिसलं, तर हात जोडण्याआधी वर चढून बघा."