चारशे बारा मीटर

विनार्तीच्या घरातलं कुटुंबपत्र, म्हणजे घरात कोण कोण राहतं याचा सरकारी कागद, गेलं वर्षभर धडधडीत खोटं बोलत होतं. त्यावर नवरा सुगेंग होता, ती स्वतः होती, धाकटा बगास होता. थोरली लारास मात्र नव्हती. लारास रोज त्याच घरात जेवायची, झोपायची, सकाळी सगळ्यांच्या आधी न्हाणीघर अडवून बसायची. पण सरकारदरबारी तिचा मुक्काम सहा किलोमीटरवर, मावशीच्या घरी होता. मावशीच्या कुटुंबपत्रावर तिच्या नावापुढे, नात्याच्या रकान्यात, ‘इतर नातेवाईक’ असं छापलं होतं. तो रकाना विनार्ती वाचतच नसे.

हा उद्योग तिने केला होता शाळेसाठी. सरकारी हायस्कुलात प्रवेश घरापासूनच्या अंतरावर मिळायचा. ज्याचं घर जवळ त्याचा नंबर आधी, आणि पत्ता निदान वर्षभर जुना हवा. गावातली नावाजलेली मोठी शाळा चौकात, आणि विनार्तीची थोरली बहीण एंदाह राहायची त्या शाळेपासून बरोबर चारशे बारा मीटरवर. मग काय, मुलगी कागदावर उचलून तिकडे ठेवली. असं करणारी ती एकटी नव्हती. मोठ्या शाळेच्या आसपासच्या घरांत कागदोपत्री इतकी पोरं राहत होती, की ती खरोखर राहायला आली असती तर झोपायला पाळ्या लावाव्या लागल्या असत्या.

विनार्तीच्या स्वतःच्या घरामागे, कालव्यापलीकडे, तीनशे पावलांवर एक सरकारी हायस्कूल होतं. त्याची घंटा तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. पण घराजवळचं काही चांगलं असू शकतं यावर तिचा विश्वास नव्हता. ती स्वतः अभ्यासात हुशार होती. तरी तिच्या वडिलांनी तिला शिवणाच्या शाळेत घातलं, कारण चुलतबहीण तिथे होती आणि दोघी सोबतीने गेल्या असत्या. तिला कुणी विचारलं नाही. त्या शाळेतून विद्यापीठाकडे रस्ताच जात नव्हता. पुढे विनार्ती पेचेल विकायला लागली, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची तिखट चटणी, आणि तिची चटणी अख्ख्या पेठेत नावाजलेली होती. पण लारासने विद्यापीठात जायचं, हे तिने पोरगी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. विद्यापीठात जायचं तर मोठी शाळाच हवी, हेही त्यातच आलं.

अर्जात दोन जागा होत्या. पहिल्या शाळेला अंतर मोजलं जायचं, दुसरीला फक्त गुण. लारासने विचारलं, दुसऱ्या जागी कोणती शाळा लिहू? मिरच्या निवडता निवडता विनार्ती म्हणाली, लिही काहीही, पहिलीच लागणार आहे. गेल्या वर्षी शेवटचं मूल चारशे सत्तर मीटरवरचं होतं, आपण तर चांगले आत आहोत. लारासने बापाकडे पाहिलं. बापाने चहाच्या पेल्यात पाहिलं. तेव्हाच विनार्तीने मान वर केली असती, तर पुढचा आठवडा तिला सुखाची झोप लागली असती.

अर्ज सुरू झाले आणि गावाला यादीचं वेड लागलं. यादी फोनवर दिसायची आणि घटकेघटकेला बदलायची. मोठ्या शाळेत अंतरावर दोनशे सोळा जागा. सोमवारी लारास एकशे एकतिसावी होती, मंगळवारी एकशे अठ्ठ्याहत्तरावी. बुधवारी, शेवटच्या दिवशी सकाळी, दोनशे तिसरी. विनार्तीने फोन चटणीच्या पातेल्याला टेकवून ठेवला होता, आणि गिऱ्हाइकं टोमॅटोचा भाव विचारावा तसं विचारत होती, आज पोरगी कितवी? शेजारची शिंपीण, बु यायुक, पेचेल खाऊन झालं तरी हलेना. बु म्हणजे आई, पण मोठ्या बायकांच्या नावामागेही मानाने तेच लावायचे.

“एवढ्या सरसर मी लोणी लावलेल्या फरशीवरूनही घसरले नसते ग,” ती म्हणाली.

विनार्तीने तिच्या पानावर न मागता आणखी एक पळी चटणी वाढली. तोंड बंद करण्याचा तिला तेवढाच मार्ग ठाऊक होता.

झालं होतं असं, की शाळेच्या मागे पोलिसांची नवी वसाहत उभी राहिली होती. तिथली कुटुंबं दीड वर्षापूर्वी बदलीवर आलेली. कुणाचंही नाव इकडचं तिकडे नेलेलं नाही, सगळी खरोखर राहणारी, आणि सगळ्यांना नेमकी लारासच्याच इयत्तेतली पोरं. दुपारी बारा वाजता लारास दोनशे अकरावी. दोन वाजता दोनशे पंधरावी. सव्वादोनला विनार्तीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. लारासचं नाव नव्हतं. शेवटचं मूल चारशे नऊ मीटरवरचं होतं.

तीन मीटर. एंदाहच्या ओसरीपासून फाटकापर्यंतसुद्धा त्याहून जास्त अंतर होतं.

तिने स्वतःला सावरलं. नाही तर नाही, घरामागची शाळा तर कुठे पळून जात नाही. बहिणीला फोन लावून तिने तेच सांगितलं. एंदाहने तिला मध्येच थांबवलं.

“विन, अग तिचा पत्ता माझा आहे ना? माझ्या घरापासून तुझी ती कालव्याजवळची शाळा सहा किलोमीटर. तिथे अंतरावर कसा लागेल नंबर?”

विनार्तीच्या पायाखालची वाळू सरकली. मुलीला एका शाळेच्या जवळ नेताना आपण तिला दुसरीपासून तितकंच दूर नेलं, ही एवढी साधी गोष्ट वर्षभरात तिच्या डोक्यात आली नव्हती. आता पोरगी ना इकडची राहिली होती ना तिकडची, आणि अर्जात दुसऱ्या जागी तर तिने खरंच ‘काहीही’ लिहिलं असणार. तिने पेचेलची हातगाडी बु यायुकच्या भरवशावर सोडली, कंबरेचा फडकाही न सोडता घरी निघाली, आणि वाटेभर तिला आपल्या वडिलांची आठवण येत राहिली. त्यांनी निदान सरकारी कागदात खोटं लिहिलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं आणि रडूच फुटलं.

लारास मागच्या दारी उद्याचे शेंगदाणे भाजत होती. विनार्ती उंबऱ्यावरच बसली.

“नदुक,” ती म्हणाली. मुलीला ती फार लाडात किंवा फार काळजीत असली की नदुक म्हणायची. “मी तुझं वाटोळं केलं ग.”

मग तिने सगळं सांगितलं, तीन मीटर, सहा किलोमीटर, सगळं. लारासने कढई उतरवली, हात पुसले आणि आईच्या हातातून फोन घेतला. बोटाने दोन-चार ठिकाणी दाबून तिने तो परत दिला. यादीच होती, पण दुसरी. कालव्यापलीकडच्या शाळेची, गुणांवरची. चाळीस जागा. तिसऱ्या ओळीत लारासचं नाव.

“हे कधी?”

“त्याच दिवशी. तूच म्हणालीस ना, लिही काहीही.”

विनार्तीने ती ओळ तीनदा वाचली. मग चार वाजेपर्यंत, यादी बंद होईपर्यंत, दर पाच मिनिटांनी वाचली. लारास तिसरीच राहिली. चार वाजून एक मिनिटाने विनार्तीचा जीव भांड्यात पडला, आणि तिला एकदम कडकडून भूक लागली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. भाजलेल्या दाण्यांच्या मुठीच्या मुठी ती खात बसली, आणि लारास समजावत राहिली. मोठ्या शाळेत ती कुठेतरी मधल्या रांगेत बसली असती. सरकारी विद्यापीठं प्रत्येक शाळेतल्या वरच्या मुलांना परीक्षा न घेता नुसत्या प्रगतिपुस्तकावर बोलावतात. मोठ्या शाळेत त्या वरच्या मुलांत तिचं नाव कधी आलंच नसतं. या शाळेतून गेल्या वर्षी नऊ जण तसे गेले. हे सगळं तिने स्वतः जाऊन तिथल्या मास्तरांना विचारून आणलं होतं.

“मग मला आधी सांगायचं नाही?”

“तू विचारलंस कुठे, बु?”

लारास हे रागाने म्हणाली नव्हती. कढई परत चुलीवर ठेवता ठेवता म्हणाली. पण विनार्तीच्या हातातले दाणे हातातच राहिले. चुलतबहीण, सोबत, शिवणाची शाळा. इतकी वर्षं जे गाऱ्हाणं तिने वडिलांच्या नावाने जपलं होतं, तेच आज तिच्या मुलीने साध्या आवाजात तिच्यापुढे ठेवलं होतं. तिला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच फार मोकळंही वाटलं, कारण वडिलांची चूक शेवटपर्यंत तशीच राहिली होती, तिची मात्र पोरीने आधीच दुरुस्त करून ठेवली होती.

संध्याकाळी सुगेंग आपली प्रवासी गाडी लावून आत आला आणि चप्पल काढायच्या आधी त्याने विचारलं, “कालव्यापलीकडची लागली ना?”

“तुम्हाला माहीत होतं, पाक?” विनार्ती म्हणाली. पोरांसारखी तीही नवऱ्याला पाक, म्हणजे बाबा, म्हणायची.

“अर्जावर सही मीच केली की.”

विनार्तीने त्याला त्या दिवशी जेवण वाढलं नाही. स्वतः वाढून घ्या म्हणाली, आणि मग मासळीचा मोठा तुकडा त्याच्याच पानात टाकला.

पुढच्या सोमवारी ती कुटुंबपत्र घेऊन कचेरीत गेली. बदलाचं कारण काय, असं कारकुनाने विचारलं. वर्षापूर्वी याच खिडकीत तिने आजारी मावशी, एकटेपणा, सोबत असं काय काय रचून सांगितलं होतं. या वेळी रचायला तिच्याकडे काही नव्हतं.

“मुलगी घरी आलीय,” ती म्हणाली.

कारकुनाने छापून दिलेलं नवं पत्र तिने तिथेच बाकावर बसून वाचलं. चार नावं होती. तिसरं लारासचं, आणि त्यापुढे नात्याच्या रकान्यात ‘अपत्य’. या पत्राची तिने घडी घातली नाही. सरळ धरून, वारा लागू न देता, घरापर्यंत नेलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी घंटा झाली तेव्हा लारास आरशासमोर अजून डोक्याचा रुमाल नीट करत होती. विनार्ती ओरडली, उशीर होतोय, पळ. लारास पळाली नाही. तीनशे तर पावलं आहेत, म्हणाली, आणि मागच्या दाराने कालव्याच्या पुलावरून निघाली. विनार्ती दारात उभी राहून एकेक पाऊल मोजत राहिली.