डोहाचा नकाशा

माझ्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत ‘प्रकल्प नोंदवही’ असे लिहिले आहे आणि त्याखाली डिंपलचे नाव. मी आता जुनी झाले, मित्रांनो. माझे कोपरे मऊ पडले आहेत आणि काही पानांवर तलावाचा चिखल वाळला आहे. नागभीडच्या एका दुकानात मी ढिगाखाली दबून पडले होते. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला वर काढले, तेव्हा मी मनातून हरखले. वाटले, आपल्या अंगावर काहीतरी चांगले लिहिले जाणार.

डिंपल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने पहिल्याच पानावर विषय लिहिला, ‘विदर्भातील तलावांची जैवविविधता’. तिचे मार्गदर्शक गुणवंतराव सर हसले. म्हणाले, “अवं, येवढा विदर्भ तू कवा पाहशीन? जिथी तुले दर आठवड्याले जाता येईन, तेवढाच विषय घे.” तिने तीन विषय खोडले. चौथा राहिला: मोहटोल्याच्या तलावातले मासे आणि तिथल्या मासे धरणाऱ्या ढिवरांना असलेली त्यांची माहिती.

मोहटोल्यात मनसाराम आणि त्यांची बायको कुंता यांचे घर होते. दोघांचे आयुष्य मासे धरण्यात गेलेले. पहिल्या दिवशी डिंपल बेचाळीस प्रश्नांची यादी घेऊन गेली. कुंताबाईने बेचाळीस वेळा “हो” म्हटले आणि ती चुलीकडे निघून गेली. डिंपल रडवेली झाली. पुढच्या खेपेला तिने यादी घरीच ठेवली आणि जाळे सोडवायला बसली. तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले.

हळूहळू ती शिकली. डोळ्यांनी पाहिलेले ती माझ्या डाव्या पानावर लिही, कानांनी ऐकलेले उजव्या. एकच गोष्ट तीन जणांना विचारी. पुस्तकात माशाचे नाव एक आणि कुंताबाईच्या तोंडी दुसरे असले, तर दोन्ही लिही. लिहिलेले सांगणाऱ्यांना वाचून दाखवी. मला तिचा फार अभिमान वाटे.

दिवाळीनंतर एकदा मनसाराम तिला नाल्याकाठाने जंगलात घेऊन गेले. बांबूच्या दाटीत एक डोह होता. उन्हाळ्यात तलाव आटला तरी तो आटत नसे. मरळ, शिंगूर, दाडक असे मासे तिथे तग धरून राहत आणि पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याबरोबर तलावात उतरत. गावातल्या चारच घरांना ही जागा ठाऊक होती, आणि त्यांच्यापैकी कोणी तिथे कधी जाळे टाकत नसे.

मनसाराम म्हणाले, “बाई, हे मी तुले दाखवून राह्यलो. कागदाले नाई.”

“नाई लिहीत, भाऊ,” डिंपल म्हणाली.

पण त्या संध्याकाळी आपल्या आठवणीसाठी तिने माझ्यावर डोहाचा नकाशा काढला. वर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘छापायचा नाही’. ते तिने खऱ्या मनाने लिहिले होते, मित्रांनो.

जानेवारीत विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा आली. सरांनी अहवाल वाचला. “मासे वाचतात कुठी, हेच तर तुझं संशोधन आहे. नकाशा नाई लावला, तर परीक्षक म्हणतीन, घरी बसून लिहिलं.”

“सर, त्यायले मी शब्द दिला आहे.”

“कॉलेजातले कागद कोण वाचते, डिंपल?”

ती दोन दिवस घुटमळली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने त्या पानाचा फोटो काढून अहवालाला जोडला. एवढेच नव्हे, तर आभारात प्रेमाने लिहिले, ‘मला डोहापर्यंत नेणारे मनसारामभाऊ’. मी तिच्यापुढे उघडी होते. पण वही काय करणार?

तिला दुसरे बक्षीस मिळाले. टाळ्या झाल्या. कॉलेजने अहवाल इंटरनेटवर टाकला.

एप्रिलमध्ये ती अहवालाची प्रत भेट द्यायला मोहटोल्याला गेली. मी तिच्या पिशवीत होते. कुंताबाईने तिला बस म्हटले नाही.

“आता काय मोजाले आली?”

मोहफुले वेचणाऱ्या बुधरीने काय पाहिले, ते कुंताबाईने सांगितले. बाहेरची माणसे गाडी आणि पंप घेऊन डोहावर आली होती. “मोबाईलमधी नकाशा पाहू पाहू आले. बुधरीनं पाहिलं. दोन दिवस पानी उपसलं. मोठी मरळ पोत्यात भरून नेली, अन् बारके मासे चिखलात तसेच सोडले.”

मनसाराम भिंतीला टेकून बसले होते. डिंपल त्यांच्यापुढे बसली. “भाऊ, माझं चुकलं. मी सगळ्यायले सांगतो, का तुमचा दोष नाई.”

“काऊन सांगशीन?” ते म्हणाले. “तुले तिथी नेलं कोणं? मीच नेलो ना.” आणि त्यांनी तोंड फिरवले.

उरलेल्या तीन घरांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते. मोठे जाळे एकट्याने ओढता येत नाही, आणि त्यांना आता कोणी सोबत घेत नव्हते.

डिंपलने कॉलेजात खेटे घालून इंटरनेटवरून अहवाल काढायला लावला. दहा दिवस लागले. तोवर तो कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये पोचला, कोण सांगणार?  सर एकदाच म्हणाले, “माझंही चुकलं.” त्याने डोह भरला नाही.

श्रावणात ती पुन्हा गेली. बुधरी तिच्यासोबत तलावाच्या पाळीवर उभी राहिली. दरवर्षी या दिवसांत मरळीची लाल पिले पाण्यावर झुंडीने दिसतात, असे बुधरी म्हणाली. दोघी दुपारपर्यंत पाहत होत्या. डिंपलने डाव्या पानावर तारीख लिहिली आणि पुढे लिहिले, ‘एकही नाही’. मनसारामांच्या घराला कुलूप होते. साठी उलटलेले ते दोघे तेलंगणात मजुरीला गेले होते.

त्यानंतर तिने माझ्यावर काही लिहिले नाही. पुढे शिकायचे तिने सोडले. मला सरांच्या टेबलावर ठेवून ती गेली, आणि तेव्हापासून मी कपाटात आहे.

मित्रांनो, तुम्हीही उद्या वही घेऊन कुणाच्या तरी अंगणात जाल. लहान विषय घ्या, नीट पाहा, तीनदा विचारा. हे सगळे डिंपलने केले होते. पण कुणी विश्वासाने काही दाखवून ‘लिहू नको’ म्हटले, तर आठवणीसाठीसुद्धा ते लिहू नका. आम्हा वह्यांना गुपित राखता येत नाही. आम्हाला जो उघडेल, त्याला आम्ही सगळे दाखवतो. माझे ऐकून कुणाचा हात थांबेल, अशी फारशी आशा मला उरलेली नाही. तरी सांगते. परवाच कपाटाबाहेर सर कुणाला तरी सांगत होते, मोहटोल्यातल्या त्या घराला अजून कुलूप आहे.