चिठ्ठ्यांचा डबा आणि माइकवाल्यांची लेक

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्माने बिस्किटांचा; पण बिस्किटं आठवडाभरात फस्त झाली आणि मी कॉलेजच्या सभागृहातल्या कपाटावर येऊन पडलो. मित्रांनो, तिथे माझं नशीब उघडलं. वादविवाद स्पर्धेच्या चिठ्ठ्या माझ्यात पडू लागल्या. हाती येईल ती बाजू मांडायची, मनातली घरी ठेवायची.

एरवी मी वर्षभर पेंगत असतो. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपतं, धूळ तरंगते, आणि जुनी भाषणं माझ्या पोटात अजून कुजबुजताहेत असं वाटतं. पूर्वी स्पर्धेआधी मला रंगाचा हात मिळायचा. आता गंज चढलाय, झाकण सैल झालंय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी विषय होता, 'सिगारेटवर सरकारने बंदी घालावी'. माइकवाल्यांच्या लेकीने माझ्यात हात घातला. तिचे बाबा सभागृहाचा माइक सांभाळायचे आणि फावल्या वेळात मागच्या पायरीवर सिगारेट ओढायचे. त्यांचा खोकला मला पाठ होता. त्यांची पाकिटं लपवून लपवून लेक दमली होती. तिला चिठ्ठी आली, 'विरोधात'.

"सर, बदलून द्या ना! बंदी नको असं मी कोणत्या तोंडाने बोलू?"

"डब्याने दिलं ते दिलं," स्पर्धा घेणारे सर म्हणाले. "दोन दिवस आहेत. ज्यांना बंदी नको, त्यांनाच जाऊन विचार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती पायरीवर बाबांशेजारी बसली. दार उघडंच होतं.

"बाबा, आज भांडत नाही. फक्त सांगा, का ओढता?"

बाबांनी हातातली सिगारेट पायरीवर विझवली. "अगं, दिवसभर दुसऱ्यांचे आवाज सांभाळतो. ही पाच मिनिटं तेवढी माझी. सिगारेट वाईट आहे, कळतं गं मला. पण कुणी हिसकावून घेतली की जास्तच हवीशी वाटते."

स्पर्धेत तिने हेच मांडलं. शेवटी म्हणाली, "बाबांच्या हातातली सिगारेट सरकारने हिसकावू नये. मी हिसकावून पाहिली, उपयोग झाला नाही. त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं. बाबा, मला तुम्ही हवे आहात."

माइक खरखरला. बाबांचं बटणाकडे लक्षच नव्हतं.

बक्षीस दुसऱ्याच कुणीतरी नेलं. सभागृह रिकामं झाल्यावर बाबांनी अर्धं पाकीट माझ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी नेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आणून ठेवलं. आता रोज येतात, माझ्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहतात आणि माइक लावायला जातात.

मित्रांनो, गंज तेवढा पुसलात तर बरं वाटेल. पण झाकण घट्ट बसवू नका. ते कुणालाही सहज उघडता येतं, आणि तरी माइकवाले ते उघडत नाहीत.